जुनीं विजेचीं वाद्यें व त्यांचे वादक

अलीकडे पुष्कळ घरांतून पट्ट्यांचें एक हलकें विजेचें वाद्य असतें. त्यास सर्वजण 'कीबोर्ड' म्हणतात. त्यावरील एक बटण दाबिलें म्हणजे ऑर्गन वाजतो, दुसरें दाबिलें म्हणजे व्हायोलिनांचा समुदाय, तिसरें दाबिलें म्हणजे लहान घंटांच्या नादासारखा मऊ पियानो. मुलांस ह्यांत कांहीं आश्चर्य वाटत नाहीं, आणि वाटावें तरी कां? बटणेंच तीं, दाबिलीं कीं वाजावयाचींच. परंतु ह्या बटणांमागचे स्वर एके काळीं निरनिराळ्या अवजड यंत्रांतून निघत. तीं यंत्रें उचलावयास चार-चार माणसें लागत, त्यांतील एकेक यंत्र ऐन वेळीं रुसून बसे, आणि तीं वाजविणारांची इंग्लंड-अमेरिकेंत मोठी ख्याति होती. साधारणतः १९६५ पासून १९८३ पर्यंतचा हा काळ, आणि हें संगीत तें रॉक नांवाचें. त्यांतील गिटारवाल्यांच्या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. पट्टीवादकांच्या व त्यांच्या सरंजामाच्या गोष्टी तितक्या ठाऊक नाहींत. आणि ज्या वयस्क रसिकांस त्या ठाऊक आहेत, ते त्या सरंजामाची आठवण इतक्या हळहळीनें काढतात कीं, ही हळहळ नेमकी कशाची, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

प्रथम ऑर्गनकडे वळूं. ख्रिस्ती उपासनामंदिरांत शतकानुशतकें चालत आलेला ऑर्गन म्हणजे नळ्यांचा. शेंकडों, कधीं हजारों, लहानमोठ्या नळ्या. त्यांत भात्यानें वारा भरावयाचा, आणि पट्टी दाबली कीं त्या त्या नळींत तो शिरून स्वर निघावयाचा, अशी त्याची रचना. तो इमारतीचाच एक भाग होऊन राहतो. त्यास उचलून नेतां येत नाहीं, आणि लहान मंडळ्यांस तो परवडतही नाहीं. आपल्याकडील बहुतेक मंडळ्यांनीं पायपेटीवर व हातपेटीवर भागविलें तें उगीच नव्हे.

ह्या अडचणीवर एक उपाय अमेरिकेंतील लॉरेन्स हॅमंड ह्यांनीं काढला. हे गृहस्थ शिकागो येथें विजेचीं घड्याळें करीत असत. ते स्वतः वादक नव्हते. त्यांच्या घड्याळाची मोटर विजेच्या प्रवाहाशीं ताल धरून अगदीं एकाच गतीनें फिरे. तसल्याच मोटरनें त्यांनीं पोलादी चकत्या फिरविल्या. प्रत्येक चकतीच्या कडेस दांते. कडेजवळ एक लोहचुंबक व त्याभोंवतीं तारेचें वेटोळें. दांता चुंबकासमोरून गेला कीं वेटोळ्यांत विजेची एक लहर उठते. सेकंदास ४४० दांते गेले तर ४४० लहरी उठतात, आणि त्या लाउडस्पीकरांतून बाहेर पडल्या म्हणजे झाला स्वर. अशा ९१ चकत्या मोठ्या ऑर्गनच्या पोटांत एकसारख्या फिरत असतात. म्हणजे सर्व स्वर आंत सदैव चाललेलेच असतात. वादकाची पट्टी त्यांपैकीं हव्या त्या स्वरास बाहेर येण्याची वाट तेवढी मोकळी करून देते. हातांसाठीं ६१ पट्ट्यांच्या दोन रांगा, पायांसाठीं २५ दांडे, आणि वर नऊ-नऊ सरकत्या दांड्यांचे संच. ह्या दांड्या कमीअधिक ओढून मूळ स्वरांत त्याचे उपस्वर किती मिसळावयाचे तें वादकानें ठरवावें. भाजींत मीठ-तिखट ज्याच्या त्याच्या हातचें, तसेंच हें.

१९३५ सालीं हें वाद्य विक्रीस आलें आणि मंडळ्यांनीं तें भराभर विकत घेतलें. नळ्यांचे ऑर्गन करणाऱ्या कारखानदारांस हें रुचणें शक्यच नव्हतें. ही नक्कल आहे, हिला ऑर्गन म्हणूं देऊं नये, असा त्यांचा रोष; आणि प्रकरण अमेरिकन सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढें गेलें. १९३७ सालीं शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलांत तेथील मोठा नळ्यांचा ऑर्गन व हॅमंडचा ऑर्गन आळीपाळीनें वाजवून परीक्षा घेण्यांत आली. कोणता वाजत आहे तें परीक्षकांनीं ओळखावयाचें होतें. जाणत्या परीक्षकांचेही अंदाज सुमारें एकतृतीयांश वेळां चुकले. १९३८ सालीं कमिशननें निकाल दिला. ऑर्गन हें नांव हॅमंडकडे राहिलें. मात्र त्यांतून अनंत प्रकारचे स्वरभेद निघतात, अशी जाहिरात करण्यास मनाई झाली. जें वाद्य पुढें 'अस्सल' ह्या शब्दाचा जणूं अर्थच होऊन बसलें, त्याचा जन्म नकलेच्या आरोपाखालीं झाला, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें काम पडेल.

ह्या ऑर्गनच्या अंगीं एक खोड होती. प्रत्येक पट्टीखालीं नऊ विद्युत्संधि असत, आणि पट्टी दाबतांना ते सर्व एकाच क्षणीं न जुळतां किंचित मागेंपुढें जुळत. त्यामुळें स्वराच्या आरंभीं 'टिक्' असा बारीक आवाज होई. नळ्यांच्या ऑर्गनमध्यें असला आवाज नसतो. म्हणून कारखान्यांतील यंत्रज्ञांस तो दोष वाटे व तो दडपण्याची त्यांनीं पुष्कळ खटपट केली. पण पुढें जॅझ व रॉक वाजविणारांस नेमका तोच आवडला. संथ स्तोत्रांत जो आवाज खटकतो तोच जलद गतींत ठेका धरून देतो.

दुसरी गोष्ट लाउडस्पीकरची. कॅलिफोर्नियांतील डॉनल्ड लेस्ली ह्यांस हॅमंडचा स्वर एका जागीं खिळल्यासारखा निर्जीव वाटे. त्यांनीं १९४० च्या सुमारास एक लांकडी कपाट तयार केलें. त्यांत वरच्या बाजूस उंच स्वरांसाठीं एक फिरता कर्णा, व खालीं खर्जासाठीं एक फिरतें पिंप. स्टेशनावरून न थांबतां जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी जवळ येतांना चढी व दूर जातांना उतरती ऐकूं येते, हें विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानांत शिकलेलेंच आहे. येथें कर्णाच गरगरा फिरत असल्यामुळें प्रत्येक फेऱ्यांत स्वर किंचित चढतो, किंचित उतरतो, आणि खोलीच्या चारी भिंतींवरून परततो. गति दोन: एक संथ, एक जलद; आणि एकीवरून दुसरीवर जातांना कर्ण्यास वेग घ्यावयास क्षणभर वेळ लागतो, तोच ऐकणाराच्या अंगावर कांटा आणणारा क्षण. कर्ण्यास तोंडें दोन दिसतात, परंतु आवाज एकांतूनच येतो. दुसरें केवळ तोल सांभाळण्यासाठीं. हॅमंड कंपनीनें लेस्ली ह्यांच्या ह्या कपाटास दीर्घकाळ जवळ केलें नाहीं. आज मात्र एकाचें नांव काढतांच दुसऱ्याचें तोंडीं येतें.

मंडळ्यांसाठीं हॅमंड कंपनीनें एक निराळा नमुना ठेविला होता. त्याचे पाय उघडे नसून चोहोंकडून लांकडी फळ्यांनीं झांकलेले असत, अशासाठीं कीं उपासनेच्या वेळीं वाजविणाऱ्या बाईचे पाय मंडळीस दिसूं नयेत. आंतील यंत्र मात्र 'बी-३' नांवाच्या प्रसिद्ध ऑर्गनचेंच. हा 'सी-३' नमुना. आणि 'डीप पर्पल' ह्या इंग्रजी रॉक-समूहाचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड (१९४१–२०१२) ह्यांनीं जो ऑर्गन जगभर गाजविला, तो हाच मर्यादशील 'सी-३'! लॉर्ड ह्यांनीं त्याचा आवाज लेस्लीच्या कपाटांतून नेण्याऐवजीं मार्शल नांवाच्या, गिटारसाठीं बनविलेल्या, दणकट ध्वनिवर्धकांतून सोडला. त्या ध्वनिवर्धकास तो भार पेलत नसे, आणि पेलत नसल्यामुळेंच ऑर्गन घशांतून गुरगुरल्यासारखा वाजे. लॉर्ड ह्यांचें शिक्षण अभिजात पाश्चात्य संगीतांत झालेलें होतें. ता. २४ सप्टेंबर १९६९ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें त्यांनीं रचिलेली रॉक-समूह व वाद्यवृंद ह्यांच्या संवादाची रचना रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह सादर झाली. सूत्रधार होते माल्कम अर्नोल्ड. दोन्ही बाजूंचीं माणसें परस्परांकडे संशयानें पाहत असतां ती पार पडली ह्याचें श्रेय पुष्कळसें अर्नोल्ड ह्यांच्या खमकेपणास देतात.

कीथ एमर्सन (१९४४–२०१६) ह्यांची तऱ्हा वेगळी. हे असामान्य पियानोवादक. बाखपासून बार्टोकपर्यंत त्यांची गति. परंतु मंचावर ते हॅमंडच्या एका लहान ऑर्गनावर स्वार होत, त्यास हलवीत, आडवा पाडीत, आणि त्याच्या पट्ट्यांच्या फटींत सुरे खुपशीत. सुऱ्यांचा प्रकार निव्वळ तमाशा नव्हता: सुरा खुपसला कीं ती पट्टी दबून राहते व स्वर चालूच राहतो, आणि वादकाचे दोन्ही हात दुसऱ्या वाद्यासाठीं मोकळे होतात. तरी पण वाद्याचा असा छळ आम्हांस रुचत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. ज्या देशांत पेटी उघडण्यापूर्वीं तिला हात लावून नमस्कार करणारे वादक आहेत, तेथील माणसास हें पाहवणार नाहीं. मात्र एमर्सन ह्यांचें वादन डोळे मिटून ऐकणारास त्यांच्या विद्येविषयीं शंका राहत नाहीं.

ह्याच ऑर्गनची एक शांत आठवणही सांगावयास हवी. १९६७ सालीं 'प्रोकोल हारम' ह्या समूहाचें एक गीत फार गाजलें. त्यांतील ऑर्गनची चाल मॅथ्यू फिशर ह्यांची. ती ऐकतांच बाखच्या मंदिरसंगीताची आठवण होते. रचनाकार म्हणून फिशर ह्यांचें नांव लागलें नव्हतें. त्यांनीं उशिरानें दावा लाविला, आणि २००९ सालीं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें त्यांचा हक्क मान्य केला. बेचाळीस वर्षांनीं कां होईना, ऑर्गन वाजविणारा हा केवळ साथीदार नसून गीताचा एक कर्ताही असूं शकतो, हें कायद्यानें मानलें.

आतां व्हायोलिनांचें बटण. ह्यामागें मेलोट्रॉन नांवाचें जें यंत्र आहे, त्याइतकें विलक्षण व त्याइतकें लहरी यंत्र दुसरें आम्हांस ठाऊक नाहीं. त्यास ३५ पट्ट्या. प्रत्येक पट्टीखालीं ध्वनिमुद्रणाची एकेक फीत, आणि तीवर खऱ्या वादकानें खऱ्या वाद्यावर वाजविलेला तो एकच स्वर मुद्रित केलेला. पट्टी दाबली कीं फीत फिरत्या दांड्यावर दाबली जाते व पुढें सरकूं लागते. पट्टी सोडली कीं स्प्रिंगच्या ताणानें मागें जाते. फीत सुमारें आठ सेकंदांची. आठ सेकंद संपले कीं स्वर खट्दिशीं तुटतो, मग गीत कोठेंही असो! म्हणून मेलोट्रॉन वाजविणाऱ्यास फीत संपण्याच्या आंत एक बोट काढून दुसरें ठेवावें लागे. तो जणूं पट्ट्यांवरून कोळ्याप्रमाणें सरपटत जाई. बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरवर भार पडून सारेच स्वर उतरत. दमट हवा तिला मानवत नसे. विजेचा दाब कमीजास्त झाला कीं सूर बिघडे. आणि प्रवासांत फिती गुंतल्या तर वादकास गीतें सोडून त्या सोडवीत बसावें लागे.

ह्या यंत्राचा उगम अमेरिकेंतला. कॅलिफोर्नियांत हॅरी चेंबरलिन ह्यांनीं तें प्रथम बनविलें. त्यांच्या एका विक्रेत्यानें १९६२ सालीं दोन यंत्रें परस्पर इंग्लंडांत नेलीं, आणि बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंकडून त्यांची सुधारून नवी आवृत्ति करवून घेतली. पुढें चेंबरलिन ह्यांस हें कळलें तेव्हां तंटा झाला व पैसे देऊन तडजोड झाली. ब्रॅडलींचा हेतु असा होता कीं श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत घरबसल्या वाद्यवृंद वाजावा. परंतु वादकांच्या संघटनेच्या मनांत निराळीच धास्ती उत्पन्न झाली. एका माणसाच्या दोन हातांनीं जर दहा व्हायोलिनवाल्यांचें काम होऊं लागलें, तर त्या दहांनीं खावें काय? ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियननें ह्या यंत्राविरुद्ध तक्रार केली. ती भीति खोटी होती असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. यंत्रानें पोट हिरावून घेतलेल्यांच्या कुटुंबांस तें विचारावें. मेलोट्रॉननें मात्र तें पाप फारसें केलें नाहीं, आणि त्याचें कारण मोठें गमतीचें: तो नीट नक्कलच करूं शकला नाहीं! त्याचीं व्हायोलिनें व्हायोलिनांसारखीं वाजेनात. तीं दूर कोठें धुक्यांतून वाजत असल्यासारखीं, किंचित थरथरतीं व उदास वाटत. हाच गुण 'मूडी ब्लूज' समूहाचे माइक पिंडर (मृत्यु २०२४) ह्यांनीं हेरला. ते पूर्वीं मेलोट्रॉनच्या कारखान्यांतच यंत्रें तपासण्याचें काम करीत असल्यामुळें, बिघडलेलें यंत्र उघडून दुरुस्त करणें त्यांस सहज जमे. १९६७ सालच्या त्यांच्या समूहाच्या प्रसिद्ध गीतांत तो नाद आहे. त्याच वर्षीं बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ह्या गीताच्या आरंभीं जी बांसरी ऐकूं येते, तीही बांसरी नसून मेलोट्रॉनच आहे.

मऊ पियानोचें बटण तिसरें. त्यामागील कथा थोडक्यांत सांगतों, पण शिक्षकांस ती विशेष प्रिय वाटेल. हॅरल्ड ऱ्होड्स (१९१०–२०००) हे पियानो शिकविणारे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं सैन्याच्या रुग्णालयांतील जखमी शिपायांस बिछान्यांतच वाजवितां यावा, म्हणून त्यांनीं बॉम्बफेकी विमानांच्या अल्युमिनियमच्या नळ्या वापरून मांडीवर मावेल एवढा लहान पियानो तयार केला. पुढें त्यांनीं विजेचा पियानो केला. त्यांत हातोडी तारेवर न आपटतां पोलादाच्या बारीक काडीवर आपटते, व काडीचें कंपन चुंबक-वेटोळ्यानें टिपलें जातें. 'डोअर्स' ह्या अमेरिकन समूहाचे रे मान्झारेक (१९३९–२०१३) डाव्या हातानें ऱ्होड्सच्या ३२ पट्ट्यांच्या लहान वाद्यावर खर्ज वाजवीत व उजव्या हातानें व्हॉक्स कंपनीच्या ऑर्गनवर चाल. त्यामुळें मंचावर त्यांच्या समूहास खर्जाच्या गिटारवाल्याची गरजच पडत नसे. त्या व्हॉक्स ऑर्गनच्या काळ्या पट्ट्या पांढऱ्या व पांढऱ्या काळ्या असत. बिली प्रेस्टन हे लहानपणापासून मंडळींत ऑर्गन वाजवीत वाढलेले. १९६९ सालीं बीटल्सच्या 'गेट बॅक' ह्या गीतांत त्यांनीं ऱ्होड्सचा पियानो वाजविला, आणि तबकडीवर बीटल्सबरोबर त्यांचें नांव छापण्यांत आलें. असा मान दुसऱ्या फारच थोड्यांस मिळाला.

येथवरच्या वाद्यांत कांहीं तरी फिरतें, आपटतें किंवा सरकतें. रॉबर्ट मूग (१९३४–२००५) ह्यांच्या सिंथेसायझरमध्यें तसें कांहींच नाहीं. तेथें केवळ विजेच्या दाबानें स्वराची उंची, रंग व चढउतार ठरतात. दाब एक व्होल्टनें वाढला कीं स्वर एक सप्तक चढतो. १९६४ सालीं त्यांनीं आपलें यंत्र तज्ज्ञांपुढें मांडलें. १९६८ सालीं वेंडी कार्लोस ह्यांनीं त्यावर बाखच्या रचना वाजवून जी तबकडी काढली, तिनें सर्वांचे डोळे उघडले. एमर्सन ह्यांनीं हें कपाटाएवढें यंत्र मंचावर नेलें; वाढत वाढत त्याची उंची सुमारें दहा फूट झाली, समोर टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणें लोंबत्या तारांचें जाळें. तें प्रवासासाठीं बनविलेलेंच नव्हतें. मंचावरील दिव्यांच्या उष्णतेनें त्याचे स्वर हळूहळू ढळत, म्हणून कार्यक्रम चालूं असतांच ते जुळवून घ्यावे लागत. १९७० सालीं त्याचीच लहान आवृत्ति 'मिनिमूग' निघाली. तीवर एका वेळीं एकच स्वर वाजे. परंतु तो एक स्वर तीन स्वरजनकांचा मिळून झालेला, व ते तिघे कधींही अगदीं तंतोतंत जुळत नसत. दुहेरी सुरांच्या पेटींत दोन सूर रेसभर मागेंपुढें असले म्हणजे जो भरीवपणा येतो, तोच येथें.

मिनिमूगवर हवा तो आवाज काढण्यासाठीं पुष्कळ खुंट्या फिरवाव्या लागत, आणि यंत्रास कांहींही लक्षांत राहत नसे. एका गीतांत दोन निराळे आवाज हवे असतील तर दोन यंत्रें ठेविल्याशिवाय गत्यंतर नाहीं. 'येस' समूहाचे रिक वेकमन (जन्म १९४९) ह्यांच्याभोंवतीं वाद्यांचा जो कोट उभा असे, त्याचें खरें कारण हें. चमचमता झगा घालून, दोन हात दोन दिशांस पसरून वाजविणारी त्यांची मूर्ति पाहून लोकांस तो डामडौल वाटे. डामडौल त्यांत होताच, पण वाद्यांची संख्या मात्र गरजेपोटीं होती. १९७५ सालीं त्यांनीं राजा आर्थरची कथा लंडनमध्यें बर्फावर घसरणाऱ्या नटांसह सादर केली, आणि त्या हौसेची किंमत पदरच्या पैशानें मोजली. आम्हांस त्यापेक्षां त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९७७ च्या 'येस'च्या तबकडीसाठीं त्यांस खरा नळ्यांचा ऑर्गन हवा होता. समूह स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथें ध्वनिमुद्रण करीत होता, व ऑर्गन कांहीं मैलांवरील व्हवे गांवच्या संत मार्टिनच्या मंदिरांत. वेकमन मंदिरांत बसले, बाकीचे माँत्रोस, आणि दोन्ही ठिकाणें टेलिफोनच्या तारेनें जोडून त्यांनीं एकत्र वाजविलें. ज्या वाद्यास पर्याय म्हणून हॅमंडनें सारा खटाटोप केला, त्याच्याच पायाशीं रॉकचा सर्वांत थाटाचा वादक येऊन बसला!

सर्वांसच हीं यंत्रें हवीं होतीं असें मात्र नाहीं. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत पियानो शिकलेला व तेथील मुलांच्या वाद्यसमूहांत वाजविणारा फरूख बलसारा पुढें फ्रेडी मर्क्युरी ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाला, हें आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच्या 'क्वीन' समूहाच्या १९७० नंतरच्या दशकांतील तबकड्यांवर, ह्यांत सिंथेसायझर वापरलेला नाहीं, असें मुद्दाम छापिलें जाई. १९८० सालीं त्यांनींही तो व्रतभंग केला.

शेवट जवळच होता. १९७८ सालीं डेव्ह स्मिथ (१९५०–२०२२) ह्यांच्या 'प्रॉफेट-५' ह्या वाद्यास स्मरणशक्ति आली; चाळीस आवाज त्यांत सांठवून ठेवितां येत व बटणासरशीं परत मिळत. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडण्याची 'मिडी' ही पद्धति प्रचारांत आली, आणि त्याच वर्षीं यामाहा कंपनीचें 'डीएक्स-७' निघालें. हें एकटा मुलगा काखोटीस मारून नेईल इतकें हलकें, सोळा स्वर एकदम वाजविणारें, उष्णतेनें न ढळणारें. वाद्यांचे कोट पाहतां पाहतां कोसळले. हॅमंड कंपनीनें चकत्यांचे ऑर्गन करणें त्यापूर्वींच, १९७५ च्या सुमारास, सोडलें होतें. मेलोट्रॉनचा कारखाना १९८६ सालीं बंद पडला.

तेव्हां हळहळ कशाची? त्या ऑर्गनांचें ओझें ज्यांनीं जिन्यांवरून वर चढविलें त्यांना ती नसावी, असा आमचा तर्क आहे. 'बी-३' ऑर्गन सर्व सरंजामासह चारशें पौंडांचा. कित्येक समूहांनीं तर तो करवतीनें कापून दोन भागांत नेण्याची सोय करून घेतली होती. कांहीं हळहळ आपल्याच तारुण्याची असते, तिचा वाद्यांशीं संबंध नाहीं. कांहीं अशी आहे कीं, जुनें तें अस्सल व नवें तें नकली; परंतु वर सांगितल्याप्रमाणें हॅमंडही नक्कल म्हणूनच जन्मला, मेलोट्रॉनवरही तोच ठपका आला, म्हणून ह्या हळहळीस आम्ही मान देऊं शकत नाहीं. एक राहते, आणि ती मात्र आम्हांस खरी वाटते. त्या यंत्रांपुढें वादकास वाद्याचा स्वभाव शिकावा लागे. आठ सेकंदांची फीत आहे हें जाणूनच पिंडर ह्यांच्या चाली घडल्या. ध्वनिवर्धक दमतो हें जाणूनच लॉर्ड ह्यांचा नाद घडला. एकच स्वर निघतो म्हणूनच मिनिमूगवर गायकासारखी एकेरी चाल आली. नकलेचा कमीपणा ज्यांनीं लपविला त्यांचीं नांवें राहिलीं नाहींत. ज्यांनीं त्याचाच उपयोग केला त्यांनीं नकलेचें वाद्य केलें. एमर्सन ह्यांच्या उजव्या हातास पुढें मज्जातंतूंचा विकार जडला, व ज्या बोटांवर त्यांची सारी कीर्ति उभी होती तीं त्यांच्या आज्ञेंत राहिलीं नाहींत. ह्या दुःखानें त्यांच्या अखेरच्या वर्षांवर दाट छाया धरिली होती. दुसऱ्या कोणाच्याही हातून तीं यंत्रें तशीं वाजत नसत, म्हणूनच त्या हातांची ही हानि इतकी मोठी वाटते.

हल्लीं ह्या सर्व यंत्रांचे आवाज संगणकांत व लहानशा पेट्यांत उतरविलेले मिळतात. मेलोट्रॉनच्या नव्या अवतारांत फीत मुळींच नाहीं, तरी स्वर पूर्वींप्रमाणेंच ठराविक सेकंदांनीं तुटतो. गिऱ्हाइकांस तो तसाच हवा असतो. लेस्लीचा कर्णा नसतांही त्याला वेग घ्यावयास लागणारा क्षण तेवढा जपलेला आहे. आणि विजेच्या नव्या ऑर्गनांवर एक निराळी खुंटी किंवा आंकडा असतो. त्यानें पट्टीचा तो 'टिक्' आवाज किती असावा तें ठरवितां येतें. हॅमंडच्या कारखान्यांतील यंत्रज्ञ जो घालविण्याच्या खटपटींत होते, तो आतां मोजून घालण्यांत येतो.